मुक्तस्रोत कोड एडिटरांची तुलना कशी करावी

डेस्कटॉपसाठी मुक्तस्रोत एडिटर निवडताना सुविधांच्या तक्त्यांऐवजी परवान्यापासून सुरुवात करावी. तो सोर्स कोडचा, म्हणजे प्रोग्रॅमरांनी लिहिलेल्या मूळ कोडचा आहे की आपण उतरवून घेतो त्या तयार प्रतीचा, हे आधी तपासावे. मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या एडिटरचा सोर्स कोड एमआयटी या मुक्त परवान्याखाली खुला आहे. परंतु मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मिळणाऱ्या तयार प्रतीला त्या कंपनीचा स्वतंत्र परवाना लागू होतो आणि तीत वापराची माहिती कंपनीकडे पाठवण्याची सोय मुळातच सुरू असते. त्याच कोडपासून तयार होणाऱ्या व्हीएसकोडियममध्ये ती बंद ठेवलेली असते. मात्र तो ओपन व्हीएसएक्स या वेगळ्या भांडारातून एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला जोडायच्या जादा सुविधा घेतो. म्हणून तिकडे वळण्यापूर्वी आपण रोज वापरतो त्या एक्स्टेन्शनांची यादी करावी आणि त्यांतील प्रत्येक तेथे मिळते का, ते पाहावे. पायथनसाठीचे पायलान्स किंवा दूरच्या सर्व्हरवर काम करण्यासाठीचे रिमोट एसएसएच ही एक्स्टेन्शने मुक्तस्रोत नाहीत आणि त्या भांडारातही मिळत नाहीत; पुष्कळांचा बेत नेमका येथेच अडतो.

त्यानंतर प्रकल्प कोणाच्या आधारावर उभा आहे, हे पाहावे. ॲटम या एडिटरचा कोड पूर्णपणे खुला होता, तरीही गिटहबने १५ डिसेंबर २०२२ रोजी तो प्रकल्प बंद केला. याउलट १९९१ पासून चालत आलेल्या विम या एडिटरचे कर्ते ब्राम मोलेनार यांचे २०२३ मध्ये निधन झाले, तेव्हा सहकाऱ्यांनी काम पुढे चालू ठेवले. त्यामुळे गेल्या वर्षभरातील बदल एकाच व्यक्तीने केले आहेत की अनेकांनी, हे प्रकल्पाच्या गिट इतिहासात (कोडमधील बदलांच्या नोंदीत) अवश्य पाहावे.

कोड सुचवण्याच्या क्षमतेवरून तुलना करण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही. २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एडिटरला कोड सुचवणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमशी (सर्व्हरशी) जोडणारी सामाईक पद्धत आल्यापासून निओविम, ईमॅक्स किंवा केट या एडिटरांना सी भाषेसाठी क्लँगडीसारखा एकच सर्व्हर जोडता येतो. मात्र मेमरी मोजताना एडिटरबरोबर त्या सर्व्हरचीही मेमरी धरावी आणि प्रत्येक एडिटरमध्ये आपलाच, शक्यतो मोठा प्रकल्प उघडावा. रिकाम्या खिडकीचे आकडे निरुपयोगी असतात.

मराठी मजकूर असलेल्या फायलींवर काम करणाऱ्यांनी आणखी एक चाचणी घ्यावी, आणि मी तिला फार महत्त्व देतो. «दुसऱ्या विद्यार्थ्याचे लक्ष्य» ही ओळ टाइप करून जोडाक्षरे नीट जुळतात का, कर्सर योग्य जागी थांबतो का आणि बॅकस्पेसने नेमके काय पुसले जाते, हे पाहावे. टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) अक्षरांना ठरावीक रुंदीच्या चौकटींत बसवतो, त्यामुळे विम किंवा निओविम तेथे चालवल्यास मात्रा आणि रफार विस्कटण्याची शक्यता असते. अशा वेळी एडिटर लगेच बाद न करता तीच फाइल जीविममध्ये (विमच्या स्वतंत्र खिडकीत चालणाऱ्या आवृत्तीत) किंवा दुसऱ्या टर्मिनलमध्ये उघडून दोष कोठे आहे, ते ठरवावे.