सरासरी वेग काढायचा तर आधी वेग बघूच नका

सरासरी वेगाचं गणित समोर आलं की मुलं सगळ्यात आधी वेग शोधतात. प्रश्नात 'ताशी ४० किमी' दिसतं, पुढे 'ताशी ६० किमी' दिसतं. मग बेरीज करायची, दोनाने भागायचं आणि ५० लिहून मोकळं व्हायचं! मी भौतिकशास्त्र शिकवते, आणि पेपरांच्या प्रत्येक गठ्ठ्यात हे ५० मला भेटतंच.

म्हणून माझ्या वर्गात एक नियम आहे. वेगाचे आकडे दिले असतील तर त्यांच्यावर आधी हात ठेवा आणि तीनच गोष्टी विचारा. सुरुवातीला वस्तू कुठे होती? शेवटी कुठे होती? आणि मधल्या काळात घड्याळ किती पुढे सरकलं? शेवटच्या स्थितीतून सुरुवातीची स्थिती वजा केली की विस्थापन मिळतं. त्याला एकूण वेळेने भागलं की सरासरी वेग. मध्ये वस्तू थांबली, मागे फिरली, धडपडली, याच्याशी या भागाकाराला काही देणंघेणं नाही.

एक उदाहरण पूर्ण करू. सरळ रस्त्यावरचा एक खांब शून्य माना, उजवीकडची दिशा धन. सायकलस्वार ४० मीटरवर आहे. २० सेकंदांत तो १६० मीटरवर पोचतो, तिथे १० सेकंद थांबतो आणि परत फिरून पुढच्या २० सेकंदांत १०० मीटरवर येतो. विस्थापन १०० वजा ४०, म्हणजे ६० मीटर. वेळ ५० सेकंद. थांबलेले १० सेकंदही धरायचे, कारण तेव्हा घड्याळ थांबलेलं नव्हतं. सरासरी वेग उजवीकडे १.२ मीटर प्रति सेकंद.

आता याच प्रवासाची सरासरी चाल काढा. तिला मात्र कापलेलं सगळं अंतर लागतं: जाताना १२०, येताना ६०, एकूण १८० मीटर. भागिले ५०, म्हणजे ३.६ मीटर प्रति सेकंद. एकाच माणसाचे, एकाच प्रवासाचे दोन आकडे, एक दुसऱ्याच्या तिप्पट, आणि दोन्ही बरोबर. प्रश्नात 'चाल' आहे की 'वेग', हे पेन्सिलने गोल करून ठेवा असं मी म्हणते ते याचसाठी.

वजाबाकीत चिन्हं सांभाळा. उणे ३ वरून ५ वर गेलात तर विस्थापन ८ आहे, २ नाही. उलट ५ वरून उणे ३ वर आलात तर ते उणे ८. उत्तरातलं उणे चिन्ह 'वेग कमी झाला' असं सांगत नाही, दिशा सांगतं. ते लाजून खोडू नका.

धावपट्टीवर हा फरक छान दिसतो. २००९ मध्ये बर्लिनला उसेन बोल्ट १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावला. सरळ पट्टी, मागे वळणं नाही, त्यामुळे सरासरी वेगाचं मूल्य आणि सरासरी चाल एकच: सुमारे १०.४ मीटर प्रति सेकंद. पण पहिले २० मीटर त्याला २.८९ सेकंद लागले, म्हणजे तेवढ्या टप्प्यात सरासरी ६.९, आणि ६० ते ८० मीटरच्या टप्प्यात ती १२.४ च्या आसपास होती. तेव्हा सरासरी वेग सांगताना तो कोणत्या दोन क्षणांमधला, हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. आणि ४०० मीटर शर्यतीत सर्वांत आतल्या लेनमधला धावपटू? जिथून निघाला तिथेच येऊन पोचला. विस्थापन शून्य, सरासरी वेग शून्य, मग त्याने विश्वविक्रम का केलेला असेना. हे ऐकून वर्ग हसतो, पण गणित तसंच आहे.

आता त्या ५० कडे परत येऊ. एकाच दिशेने १२० किमी ताशी ४० ने आणि पुढचे १२० किमी ताशी ६० ने. पहिल्या भागाला ३ तास, दुसऱ्याला २. एकूण २४० भागिले ५, ताशी ४८ किमी. गाडी हळू जाते तेव्हा ती जास्त वेळ हळू जाते, म्हणून सरासरी ४० कडे ओढली जाते. दोन्ही वेगांनी सारखाच *वेळ* प्रवास केला असता तर ५० बरोबर आलं असतं. 'निम्मं अंतर' आणि 'निम्मा वेळ' यांतला एक शब्द उत्तर बदलतो.

स्थितीचं सूत्र दिलं असेल तर काम आणखी सोपं. समजा सूत्र आहे ५ + २ट + ३ट², मीटरमध्ये, आणि ट म्हणजे सेकंद. पहिल्या सेकंदाअखेर स्थिती १०, तिसऱ्याअखेर ३८. फरक २८, वेळ २, उत्तर १४ मीटर प्रति सेकंद. इथे त्या दोन क्षणांचे वेग ८ आणि २० आहेत, त्यांची सरासरीही १४! कारण त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, एकसमान आहे. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या विद्वानांनी हाच नियम मांडला होता. पण सूत्र नुसतं ट³ असेल तर ० ते २ सेकंदांत सरासरी वेग ४ येतो आणि टोकांच्या वेगांची सरासरी ६. त्वरण एकसमान असल्याची खात्री नसेल तर हा आडमार्ग नको.

आलेख दिला असेल तर आधी उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते वाचा. स्थिती असेल तर दोन बिंदू सरळ रेषेने जोडा. त्या रेषेचा चढ हेच उत्तर. वेग असेल तर आलेखाखालचं क्षेत्रफळ काढा, अक्षाच्या खालचं वजा करा आणि वेळेने भागा.

प्रवास वळणाचा असेल तर विस्थापन सरळ रेषेत मोजा. पूर्वेला ३० मीटर, मग उत्तरेला ४० मीटर, एकूण २० सेकंद: विस्थापन ५० मीटर, सरासरी वेग २.५ मीटर प्रति सेकंद, पूर्वेकडून उत्तरेला सुमारे ५३ अंशांत. दिशा लिहिली नाही तर मी अर्धा गुण कापते.

एककं भागाकाराआधीच जुळवा; ताशी किलोमीटरला ३.६ ने भागलं की मीटर प्रति सेकंद. शेवटी एक पडताळा करा: सरासरी वेगाचं मूल्य सरासरी चालीपेक्षा जास्त कधीच येऊ शकत नाही. तुमचं आलं असेल तर वजाबाकीतलं चिन्ह पुन्हा बघा, बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.