कंपनीकडून माहिती फुटली? मग या चुका टाळा

एअर इंडियाच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती बाहेर गेल्याचं २०२१ मध्ये उघड झालं. विमा कंपनी असो की किराणा पोचवणारं ॲप, चूक त्यांची असते आणि फोन वाजतो सांगली-मिरजेतल्या आपल्या घरात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे, समोरच्याला आपली माहिती ठाऊक आहे म्हणून त्याला खरा मानणं. तो तुमचं पूर्ण नाव, गाव, पॉलिसी नंबर, आधारचे शेवटचे चार आकडे बिनचूक सांगतो. मग म्हणतो, "काका, ऊसबिल खात्यावर जमा व्हायचंय, केवायसी तेवढी राहिलीय, ओटीपी सांगा." त्याच्याकडे तुमची माहिती आहे याचा अर्थ एवढाच, की ती फुटली आहे. फोन ठेवा आणि पासबुकावर छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करा. "फुटलेल्या माहितीची भरपाई मिळवून देतो" अशी लिंक आली, तर तीही उघडू नका. घरातल्या आई-वडिलांना हे आजच सांगा, असे फोन बहुतेकदा त्यांनाच येतात.

दुसरी चूक, फक्त त्याच ॲपचा पासवर्ड बदलणं. तोच पासवर्ड ईमेललाही असेल तर आधी ईमेलचा बदला, कारण बाकी सगळे पासवर्ड तिथूनच बदलता येतात.

पासवर्ड बदलता येतो, आधार आणि पॅनचे नंबर तसे बदलत नाहीत. म्हणून आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करा. मग तुमच्या अंगठ्यावर कुणाला पैसे काढता येत नाहीत. रेशन दुकानात अंगठा जुळेना झाला तर घाबरू नका, तेवढ्यापुरतं अनलॉक करा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी या सरकारी पोर्टलवर दिसतं. सिबिल या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात न घेतलेलं कर्ज दिसतंय का ते बघा.

पैसे गेलेच तर "सोमवारी शाखेत जाऊन विचारू" म्हणत थांबू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार, दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही अशा प्रकरणात, बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येत नाही. सहकारी बँकांनाही तसाच नियम आहे. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. आणि ओटीपी स्वतः दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच धरलं जातं.

कंपनीचा माफीचा ईमेल किंवा एसएमएस पुसून टाकू नका, तो पुरावा आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीसाठी २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण तो दंड सरकारजमा होतो. स्वतःची भरपाई हवी असेल तर सेवेतल्या त्रुटीची तक्रार ग्राहक आयोगाकडे करता येते. त्यासाठी कंपनीच्या मुंबईतल्या कार्यालयापर्यंत जायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे सांगलीतच, दाद मागता येते.