सक्युलंट सांभाळायची तर मृगाआधीच हात घाला

रोहिणीचे वळीव सुरू झाले की रोपवाटिकांमध्ये एक ठरलेला प्रश्न येतो. मे महिन्याच्या उन्हात तगलेली सक्युलंट, म्हणजे पानांत-खोडांत पाणी साठवणारी झाडं, जुलैत का सडतात? उन्हाने ही झाडं आपल्याकडे क्वचितच मरतात. मरतात ती कुंडीत साचलेल्या ओलीने. त्यात ढगाळ दिवस आणि कोंदट हवा आली की आठवडाभरात अख्खा ट्रे बसतो. म्हणून पावसाळ्याची तयारी मृग लागण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरकायला हवी.

‘आमच्याकडे पाऊस जास्त, सक्युलंट जमणार नाहीत’ हे मात्र खरं नाही. शिवनेरीच्या कड्यावर शिंदळ माकुडी वाढते, तिला शिवसुमनही म्हणतात. उन्हाळ्यात पानं झडून तिच्या नुसत्या मांसल फांद्या उरतात. पाऊस पडला की ती पालवते, आणि पिवळ्या ठिपक्यांची तांबूस-जांभळी फुलं धरते. माकडशिंगी, शेर, त्रिधारी निवडुंग हीही पाऊस झेलणारीच मंडळी. कातळाच्या भेगेत चिमूटभर माती असते, पाणी येतं आणि निघून जातं, मुळांशी थांबत नाही. आपल्याला कुंडीत एवढंच साधायचं आहे. (शिंदळ माकुडी दुर्मीळ आहे. कड्यावरून उपटून आणायचा मोह कुणालाही होऊ नये.)

बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं (पानांवरची सूक्ष्म छिद्रं) उघडतात, बरीचशी सक्युलंट रात्री उघडतात. वाळवंटात रात्री गार असल्यामुळे पाणी वाचतं. पण मुंबई-रत्नागिरीकडे पावसाळ्यात रात्रही उबदार आणि दमट. पानांतून पाणी फारसं बाहेर पडत नाही, मुळं ते ओढत नाहीत आणि कुंडी आठ-आठ दिवस ओली राहते. मेक्सिकोच्या उंच पठारांवरून आलेल्या एचेव्हेरियाला तर रात्रीचा गारवा लागतोच. गुलाबासारख्या दिसणाऱ्या त्या रोपांचे फोटो बघून कोकणातल्या रोपवाटिकेने शेकड्याने माल भरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुणे, नाशिक, सातारा भागात ऑक्टोबर ते फेब्रुवारी ती छान रंगतात. तिथेही पावसाळ्यात छप्पर हवंच.

कोकण आणि गोव्यात विक्रीसाठी भरवशाची झाडं वेगळी. सॅन्सेव्हेरिया, पानफुटी, ख्रिस्तकाटा, कोरफड, हॉवर्थिया आणि रोपवाटिकांत ‘जेड’ म्हणून विकलं जाणारं पोर्टुलाकारिया. (खरं जेड म्हणजे क्रॅसुला. ते थोडं नाजूक, त्यामुळे घेताना नीट बघून घ्या.) विदर्भ-मराठवाड्यात अडेनियमला तोड नाही. आफ्रिका आणि अरबस्तानातलं हे झाड, ४० अंशांच्या पुढेही फुलतं. हॉवर्थियाला मात्र तिथल्या उन्हाळ्यात दुपारची सावली द्यावी लागते.

आता माध्यमाकडे, म्हणजे कुंडीत भरायच्या मिश्रणाकडे वळू, कारण निम्मं नुकसान इथेच होतं. कलिंपोंगसारख्या थंड डोंगराळ भागातून येणारा माल बहुधा कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) असतो. तिकडच्या हवेत ते चालतं, आपल्या पावसाळ्यात ते स्पंजासारखं पाणी धरून बसतं. नवा माल जुन्या मालापासून दोन-तीन आठवडे लांब ठेवा. मुळांभोवतीचं कोकोपीट हलक्या हाताने झाडून काढा, मुळं एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि मग आपल्या मिश्रणात लावा. मिश्रणात निम्म्याहून जास्त भाग ३ ते ६ मिलिमीटरच्या खड्याचा असावा: विटांचे तुकडे, लाकडी कोळसा, बारीक खडी, मिळाल्यास प्यूमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड). क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) घेतली तर चाळून धूळ काढून टाका, ती धूळच पाण्याने थिजून निचरा बंद करते. उरलेल्या भागात पोयटा (गाळाची माती) आणि चांगलं कुजलेलं खत, सोबत मूठभर निंबोळी पेंड. काळी माती अजिबात नको. वाफसा, म्हणजे जादा पाणी निघून जाऊन नुसती ओल आणि हवा उरणं, ज्या मिश्रणात पाणी दिल्यावर लगेच येतो, ते मिश्रण बरोबर. भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओता. ते वर तळं करून थांबलं, तर कुंडी रिकामी करून पुन्हा भरा.

छपरासाठी २०० मायक्रॉनची यूव्ही पॉलिफिल्म उतार देऊन लावा आणि चारही बाजू मोकळ्या ठेवा. बाजूने ताडपत्री गुंडाळून झाडं ‘सुरक्षित’ करणारे बरेच दिसतात. पाऊस थांबतो खरा, पण वारा थांबला की बुरशीचं राज्य. उन्हाळ्यात टाकलेली, ७५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट जूनमध्ये काढा. ढगाळ दिवसांत तिच्याखाली उजेड पुरत नाही, रोपं लांबुडकी आणि पांढुरकी होतात, आणि असं रोप पुढे मूळ आकारात येत नाही. कुंड्या जमिनीवर न ठेवता बाकावर, एकमेकींना न चिकटता मांडा.

पाणी वारावर नाही, वजनावर द्या. कुंडी उचलून हलकी लागली की द्या, नाहीतर पुढे सरका. खालची पानं सुरकुतली तर झाड तहानलेलं आहे. पानं पिवळट, आरपार दिसणारी, पाणी भरल्यासारखी झाली आणि बोट लावताच गळली, तर जास्त झालंय. अशा रोपाला त्याच दिवशी कुंडीतून बाहेर काढा. मातीलगतचं खोड दाबून बघा. मऊ लागलं आणि वास आला, तर स्वच्छ ब्लेडने मऊ भागाच्या वर आडवे काप घेत टोकाकडे जा. कापाच्या मधल्या गोलात तपकिरी ठिपका दिसतोय तोवर कुज पुढे गेलेली आहे. पूर्ण हिरवा-पांढरा गोल मिळाला की थांबा. प्रत्येक कापाआधी ब्लेड स्पिरिटने पुसा. वरचं टोक कोरड्या जागी सुकू द्या. पावसाळ्यात काप भरायला आठवडाही लागतो, घाईने मातीत खोचू नका. म्हणूनच नवी कलमं करायची ती फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा पाऊस उघडल्यावर.

पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) पानांच्या बेचक्यात आणि मुळांवरही बसतो. थोडा असेल तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून पुसा. एचेव्हेरियावर निंबोळी तेल फवारलं की पानांवरची पांढरी पावडर निघून जाते आणि रोप विकायचं राहत नाही. खऱ्या जेडच्या, म्हणजे क्रॅसुलाच्या कुळातल्या झाडांवर मॅलॅथिऑन वापरू नका, पानं भाजतात. कोणतंही औषध आधी चार रोपांवर मारून बघा. गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचणं हाच सर्वांत स्वस्त उपाय. अडेनियमचा चीक विषारी आहे आणि शेर, ख्रिस्तकाटा यांचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. छाटणीला हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा.

सांगली-सोलापूरकडच्या ड्रॅगन फ्रूट बागायतदारांना एक सांगायचं आहे. छाटणीतल्या निरोगी कांड्या फेकू नका. लाल-पिवळ्या गोंड्यांचे जे कलमी कॅक्टस बाजारात येतात, त्यांचा खुंट, म्हणजे मुळं असलेला खालचा भाग, बहुतेकदा ड्रॅगन फ्रूटचाच असतो. त्या रंगीत गोंड्यात हरितद्रव्य नसतं, तो पूर्णपणे खुंटावर जगतो. जवळच्या रोपवाटिकेशी बोलून ठेवलं तर कांड्यांना गिऱ्हाईक मिळू शकतं.

ऑक्टोबरमध्ये हस्ताचा पाऊस ओसरला की झाडं एकदम उन्हात काढू नका. पावसाळ्यात वाढलेली पानं कोवळी असतात, ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवसांत करपतात आणि तो डाग जात नाही. पहिला आठवडा फक्त सकाळचं ऊन, मग दर तीन-चार दिवसांनी तासभर वाढवत न्या. खताचा पहिला हप्ता त्यानंतर, तोही निम्म्या मात्रेने.