प्रोसेसर बदलायचा का? आधी कार्डाचा आकडा बघा

गेम अडखळायला लागला की आपण सरळ ठरवून टाकतो, प्रोसेसर म्हातारा झाला. माझ्या मावसभावाचं तेच झालं, दुकानात गेला तर प्रोसेसर, बोर्ड, रॅम सगळंच बदला म्हणून तीस हजारांच्या वरचं कोटेशन हातात. त्याच्याकडे रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी ४५० मदरबोर्ड आणि आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड होतं. मी म्हटलं थांब, एक संध्याकाळ फक्त मोजू.

एमएसआय आफ्टरबर्नर हे मशिनचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, सोबत येणारं रिव्हाट्यूनर पण टाका. स्क्रीनच्या कोपऱ्यात जीपीयू युसेज (ग्राफिक्स कार्ड किती टक्के राबतंय), प्रोसेसरच्या प्रत्येक कोरचं युसेज, तापमान आणि एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) लावा, व्हीसिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग) आणि एफपीएस लिमिट बंद करा, आणि जिथे गेम खरोखर गचके खातो तिथेच अर्धा तास खेळा, मेनूमध्ये बघून काही कळत नाही.

जीपीयू ९५ ते ९९ टक्के दिसत असेल तर कार्ड पूर्ण ताकदीने राबतंय, तिथे नवीन प्रोसेसर टाकून एफपीएस फारसे वाढणार नाहीत. पण तोच आकडा ६०-७० वर लोळत असेल तर कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट बघतंय. बरेच जण इथेच फसतात, टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ४० टक्के दिसतो आणि म्हणतात प्रोसेसर तर मोकळाच आहे की! अहो, २६०० मध्ये १२ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा, आहेत, गेमचा मुख्य थ्रेड एकटा पूर्ण भरला तरी एकूणात तो जेमतेम ८ टक्के दिसतो. म्हणून भरवसा जीपीयूच्या आकड्यावर ठेवायचा. खात्री करायची असेल तर रिझोल्युशन १०८० वरून ७२० वर आणा, एफपीएस तेवढेच राहिले तर अडचण प्रोसेसरच्या बाजूला आहे.

तरी लगेच खरेदीला पळू नका. भावाच्या मशिनमध्ये रॅमची ८ जीबीची एकच स्टिक होती, तीही २४०० च्या वेगावर चालत होती आणि स्टिकवर छापलेलं होतं ३२००. तशीच दुसरी स्टिक आणली, प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावल्या, बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवणारं सेटिंग, चालू केलं, आणि अर्धे गचके तिथेच गेले. तापमानही बघा, ९०-९५ ला टेकत असेल तर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, मे महिन्यात नागपूर-जळगावकडे हे हमखास होतं, कूलरची धूळ काढून प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट नवीन लावली तरी पुष्कळ फरक पडतो.

एवढं करूनही काउंटर-स्ट्राइक २ मध्ये त्याचं कार्ड ७० च्या वर जाईना, आणि मॉनिटर १४४ हर्ट्झचा. मॉनिटर ६० चा असता आणि ६० एफपीएस स्थिर मिळत असते तर मी नकोच म्हटलं असतं. इथे मात्र बदलायचं कारण होतं, आणि बोर्ड एएमडीच्या एएम ४ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो ती जागा) असल्यामुळे फक्त प्रोसेसर घेऊन भागलं. रायझन ५ ५६०० ला पण ६ च कोर आहेत, पण एकेक कोर खूप वेगवान आणि सहाही कोरना मिळून ३२ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी), २६०० मध्ये ती ८-८ च्या दोन तुकड्यांत होती. थोडे पैसे वाचतात म्हणून ५५०० घेऊ नका, त्यात कॅश १६ एमबीच आहे. ५७००एक्स३डी चांगल्या भावात मिळाला तर ९६ एमबी कॅश, गेमिंगसाठी या सॉकेटवर त्याच्या तोडीचे फार थोडे आहेत.

इंटेलच्या सहाव्या-सातव्या जनरेशनवाल्यांचं गणित वेगळं. त्या बोर्डावर ४ कोरच्या पुढे जाता येत नाही, आठव्या जनरेशनला पिना तेवढ्याच असल्या तरी ती त्यावर चालत नाही, मग जुना आय ७ शोधत बसण्यापेक्षा बोर्डासकट बदललेलं बरं. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या सपोर्टच्या यादीत हे प्रोसेसर जवळपास नाहीतच.

घ्यायचं ठरलं तर बोर्डाच्या साइटवर सपोर्ट लिस्ट बघा आणि जुना प्रोसेसर काढायच्या आधी बायोस अपडेट करा, तेही यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर, मध्येच लाइट गेली तर बोर्ड हातचा जातो. मग दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मशिन बंद करून वायर काढा, कूलर सैल केल्यावर सरळ वर ओढू नका, हळूहळू डावी-उजवीकडे फिरवा. एएम ४ च्या १३३१ पिना प्रोसेसरलाच असतात आणि वाळलेल्या पेस्टमुळे तो कूलरला चिकटून उपटून येतो, एक पिन वाकली तरी घाम फुटतो. बायोस अपडेटनंतर एक्सएमपी बहुतेक वेळा परत बंद झालेलं असतं, ते आधी चालू करा आणि मग त्याच मॅपवर कार्डाचा आकडा परत बघा. भावाचा आता ९० च्या खाली क्वचितच येतो.