रक्त थांबलं म्हणून निश्चिंत होऊ नका: क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिसमधल्या या चुका टाळा

डांबरासारखी काळी, चिकट शौच, म्हणजे पोटात झालेला रक्तस्राव, दोन दिवस होते, मग आपोआप थांबते आणि घरच्यांच्या जिवात जीव येतो. क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिसच्या, म्हणजे स्वादुपिंडाला दीर्घकाळ सूज असलेल्या, रुग्णाला सगळ्यात महागात पडते ती हीच निश्चिंती. स्वादुपिंडाचे पाचकरस शेजारच्या धमनीची, बहुतेकदा प्लीहेकडे जाणाऱ्या धमनीची, भिंत कुरतडतात आणि तिथे रक्ताचा फुगा धरतो. त्याला म्हणतात स्यूडोअ‍ॅन्युरिझम. त्याला धमनीचं खरं अस्तर नसतंच. गुठळीने भोक बुजलं की रक्त थांबतं, गुठळी सुटली की पुन्हा सुरू. मोठ्या रक्तस्रावाआधी असा छोटा इशारा पुष्कळदा मिळतो, तो वाया घालवू नका.

‘एंडोस्कोपी नॉर्मल आहे’ यावरही थांबू नका. हे रक्त स्वादुपिंडाच्या नळीतून लहान आतड्यात उतरतं, तेही थांबून थांबून. दुर्बीण आत असताना ते वाहत नसेल तर काहीच दिसत नाही. आधी पोटात कळ, मग काळी शौच आणि कळ कमी, असा क्रम असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनमध्ये, फुगा सहसा सापडतो. स्वादुपिंडाजवळच्या गळूसारख्या पिशवीचा, स्यूडोसिस्टचा, निचरा करण्याआधीही ही तपासणी हवीच. आत फुगा दडलेला असेल आणि पिशवी रिकामी केली, तर त्यावरचा दाब जातो आणि रक्ताचा लोंढा सुटू शकतो.

उपचारात जांघेतून किंवा मनगटातून बारीक कॅथेटर नेऊन धमनीत प्लॅटिनमच्या केसाएवढ्या तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, सोडून रक्ताची वाट बंद करतात. इथली चूक मी सगळ्यात गंभीर मानतो: फक्त फुग्याच्या अलीकडची, म्हणजे रक्त येतं ती, बाजू बंद करणं. या भागातल्या धमन्यांना दोन्हीकडून रक्त मिळतं, त्यामुळे पुढचं दार लावलं तरी मागच्या दाराने फुगा पुन्हा भरतो. म्हणून आधी फुग्याच्या पलीकडे, मग अलीकडे कॉइल टाकतात. नुसता फुगा ठासून भरणं धोक्याचं, पातळ आवरण फाटू शकतं. मूळ धमनी राखणं गरजेचं असेल तर आतून आच्छादित स्टेंट, म्हणजे पडदा लावलेली जाळीची नळी, बसवतात.

या उपचारानंतर डाव्या बरगडीखाली दुखलं, ताप आला तर अंगावर काढू नका. प्लीहेच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. आणि बरं वाटतंय म्हणून पुढचा सीटी चुकवू नका, बंद केलेला फुगा पुन्हा उघडू शकतो.