या चुका टाळा: चार थेंबसुद्धा नसलेल्या पाण्यात मीठ विरघळवताना

मिठाचा एक रेणू किती पाण्याच्या रेणूंत सुटतो, हे आम्ही कॉम्प्युटरवर मोजतो. दरवर्षी नवीन प्रोजेक्टवाले येतात आणि तेच करतात, सोडियम आयन एकीकडे, क्लोराइड आयन दुसरीकडे, मधे पाण्याचे रेणू कोंबायचे, ऑप्टिमाइझ मारायचं (म्हणजे जवळच्या सगळ्यात कमी एनर्जीच्या आकारापर्यंत रचना सरकवायची) आणि जाहीर करायचं की मीठ विरघळलं! अरे, तू तिथे ठेवलंस म्हणून ते तिथे अडकलंय.

हे मीही केलंय. पाण्याचे सहा रेणू, आयन लांब, कंपनांच्या फ्रीक्वेन्सी सगळ्या पॉझिटिव्ह (म्हणजे रचना खरंच एनर्जीच्या खळग्यात, मिनिममला, बसलेली), मी उड्या मारत सरांकडे गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, "दोन्ही आयन एकमेकांना चिकटलेली जोडी करून बघितलीस का?" नव्हती बघितली. बघितली तर तिची एनर्जी आणखी खाली निघाली, म्हणजे माझं मिनिमम खरं होतं पण सगळ्यात खालचं नव्हतं. दोन आठवडे गेले. तेव्हापासून माझी सवय अशी, आधी गरम सिम्युलेशन (जास्त तापमानाला रेणू हलू देणं) चालवायचं, त्यातून तीसचाळीस वेगवेगळे आकार उचलायचे, मग ऑप्टिमाइझ. कंटाळवाणं आहे, पण शॉर्टकट नाही. मीठाच्या एका रेणूला पाण्याचे साधारण ९ ते १२ रेणू मिळाले की कुठे चिकटलेली आणि पाण्याने वेगळी केलेली जोडी एनर्जीत बरोबरीला येतात, आणि तिथे "किती पाण्याला सुटतं" याचं उत्तर एक आकडा नसतोच, दोन्ही प्रकार एकत्र सापडतात.

दुसरी माझी आवडती चूक, आयन एकमेकांपासून ओढत नेऊन एनर्जीचा आलेख काढणं. पाणी नसताना सोडियमचं इलेक्ट्रॉन काढायला ५.१४ इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एकक) लागतात, क्लोरीन घेऊन ३.६१ परत देतो, म्हणून साधारण ९.४ अँगस्ट्रॉमच्या (अणूंमधली अंतरं मोजायचं एकक) पुढे दोन आयनांपेक्षा दोन साधे अणू स्वस्त पडतात. पाणी कमी असेल तर लांब ओढताना चार्ज एकदा तपासा, आयनांचे साधे अणू तर झाले नाहीत ना, नाहीतर आलेख गुळगुळीत दिसतो आणि तुम्ही भलतीच गोष्ट मोजत असता.

बाकीच्या झटपट. आयनांमधलं अंतर धरून फ्री एनर्जी (तापमानाचा परिणाम धरलेली एनर्जी) काढताना लांब गेल्यावर जागा वाढते, ती दुरुस्ती विसरू नका, २.८ वरून ५ अँगस्ट्रॉमला खोलीच्या तापमानात मोलमागे जवळपास ०.७ किलोकॅलरीचा फरक पडतो आणि चिकटलेली की वेगळी हे भांडण बऱ्याचदा तेवढ्यावरच असतं. छोटा बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचं वर्णन करणाऱ्या फलनांचा संच) घेतला तर काउंटरपॉइज करा, म्हणजे त्यामुळे आकर्षण खोटं वाढतं त्याची दुरुस्ती. क्लस्टरला, म्हणजे या छोट्या झुबक्याला, पिरियॉडिक बॉक्समध्ये (सगळीकडे स्वतःच्याच प्रती असलेल्या डब्यात) टाकू नका, शेजारच्या प्रतिमा ओढतात. पूर्ण चार्जचं साधं फोर्स फील्ड (अणूंमधल्या बलांची ठरावीक सूत्रं) आयनांना फारच घट्ट चिकटवतं. आणि ३०० केल्विनला चालवलंत तर पाणी उडून जातं, रन संपल्यावर रेणू मोजा, मी एकदा आठ समजून सातचा पेपर लिहीत होतो.