खेळाडूसाठी एजंट नेमताय? सांगली-साताऱ्याच्या पालकांनी या चुका टाळा

पोरगं राज्य स्पर्धेत चमकलं, पेपरात फोटो आला की आठवड्याभरात कुणाचा तरी फोन येतो. "काका, मी स्पोर्ट्स मॅनेजमेंट बघतो. पोराचं करिअर माझ्यावर सोडा." यात वावगं काहीच नाही. सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगमध्ये रौप्य मिळवलं, साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. आपल्या मातीतल्या खेळाडूंकडं लोकांचं लक्ष जाणारच. मी सांगलीत आयकराची कामं करतो. अडचण अशी की करार माझ्या टेबलावर येतो तो सही झाल्यावर, तोही कुठंतरी पैसे अडकल्यावर.

पहिली चूक आणि सगळ्यात महागडी: आधी पैसे देणं. एजंटनं खेळाडूला काम आणून द्यायचं, त्या कामाच्या पैशातून टक्के घ्यायचे, हाच त्याचा धंदा. नोंदणी फी, 'प्रोफाइल'चा खर्च, ट्रायलला नाव घालायचे पैसे असलं काही मागितलं तर तो तुमच्या पोरावर नाही, तुमच्यावर कमावतोय. "निवड समितीत आपली ओळख आहे" म्हणणाऱ्याला तर चहा पाजून वाटेला लावा. सांगली आणि साताऱ्याचं क्रिकेट महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनखाली येतं आणि संघ निवडण्याच्या कामात एजंटला जागाच नाही. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणाचंही तसंच. तिथं प्रमाणपत्राची पडताळणी होते, दलाली लागत नाही.

मग एजंट खरं करतो काय? जाहिरातदार शोधणं, कराराची भाषा ठरवणं, थकलेलं बिल वसूल करणं, शूटिंगची तारीख स्पर्धेच्या आड येऊ न देणं, खेळाडू जखमी असताना कंपनीला सांभाळून घेणं. लिलावात मात्र त्याचा हात फार पोचत नाही. २०२३ च्या पहिल्या डब्ल्यूपीएल (महिला प्रीमियर लीग) लिलावात सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाला बेंगळुरूनं ३ कोटी ४० लाखांना घेतलं. असा आकडा संघमालकांच्या चढाओढीतून ठरतो. मूळ किंमत किती लावावी याचा सल्ला एजंट देईल, संघांच्या कानावर नावही घालेल. पण एवढ्यासाठी तो लिलावाच्या रकमेतले २० टक्के मागत असेल तर मला ते पटत नाही. अमेरिकेत एनबीए या बास्केटबॉल लीगच्या पगारावर एजंटला जास्तीत जास्त ४ टक्के घेता येतात, एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये ३. जाहिरातीचं काम तो स्वतः आणतो, म्हणून त्या कामावर साधारण १० ते २० टक्के चालतात.

टक्क्यांवर घासाघीस सगळेच करतात. टक्के कशावर, हे विचारायचं मात्र राहून जातं. दोन पानी कराराच्या पाचव्या-सहाव्या कलमात एक ओळ हमखास सापडते: "खेळाडूस कोणत्याही मार्गाने मिळणाऱ्या सर्व उत्पन्नावर". या 'सर्व' मध्ये शिष्यवृत्ती आली, सरकारी बक्षीस आलं, कुंडलच्या मैदानात मारलेल्या कुस्तीचं इनाम आलं, उद्या पोलिसात लागला तर पगारही आला. ती ओळ खोडायला लावा आणि तिथं लिहून घ्या: "एजंटने मिळवून दिलेल्या व्यावसायिक करारांच्या प्रत्यक्ष जमा रकमेवर". त्यातला 'प्रत्यक्ष जमा' हा शब्द सोडू नका. नाहीतर कंपनीनं पैसे बुडवले तरी एजंटचे टक्के तुमच्या खिशातून जातात. जीएसटीचंही तिथंच विचारून घ्या. दोन लाखांच्या जाहिरातीवर १५ टक्के म्हणजे ३० हजार, आणि एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर वर १८ टक्क्यांनी ५,४०० रुपये.

पुढची चूक पैशाच्या वाटेची. कंपनीचे पैसे एजंटच्या खात्यावर आणि तिथून 'उरलेले' आपल्या खात्यावर, ही पद्धत घेऊ नका. कंपनीनं खेळाडूच्या खात्यावर भरावेत, एजंटनं आपलं बिल पाठवावं. आधीच तसं चालू असेल तर आयकराच्या वेबसाइटवर खेळाडूच्या पॅनवरून २६एएस, म्हणजे कापलेल्या कराचा उतारा, उघडा. कंपनीनं त्या पॅनवर टीडीएस कापला असेल तर मूळ रक्कम तिथं दिसते. तुम्हाला दीड लाख मिळाले आणि तिथं अडीच लाख दिसले, तर मधल्या लाखाचा हिशेब मागायला तेवढा कागद पुरतो. काहीच दिसत नसेल तर व्यवहार एजंटच्या पॅनवर झाला का, हे कंपनीला ईमेलनं विचारा. जाता जाता एक: उत्पन्न करपात्र नसेल तर कापलेला १० टक्के टीडीएस रिटर्न भरल्यावर परत मिळतो. कितीतरी घरं तो तसाच सोडून देतात.

सही झालीय आणि आता पस्तावताय? आधी सहीची तारीख आणि पोराची जन्मतारीख शेजारी मांडा. अठरा पूर्ण नसताना त्यानं एकट्यानं केलेला करार कायद्यानं मुळातच रद्दबातल असतो. आईवडिलांनी सही केली असेल तर वकील गाठा, तिथं मामला वेगळा. नंतर मुदत बघा. मुदत संपल्यावरही "नवा करार आधी आम्हाला दाखवायचा" असं कलम असेल तर घाबरू नका. झहीर खानच्या मॅनेजमेंट कंपनीनं याच कलमावर त्याला अडवायचा प्रयत्न केला, पण मुदतीनंतर असं बंधन लागू करता येत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये दिला.

हिशेब दडवला जात असेल तर भारतीय करार कायद्याचं कलम २१३ वापरा. मागितल्यावर हिशेब देणं एजंटवर बंधनकारक आहे. मागणी फोनवर नको, स्पीड पोस्टानं करा आणि पोचपावती जपून ठेवा. एजंट काढायचा असेल तर करारातल्या मुदतीची नोटीस द्या, मुदत लिहिलीच नसेल तर वाजवी मुदतीची. त्याच दिवशी ज्या कंपन्यांशी काम चालू आहे त्यांनाही लेखी कळवा. त्यांच्यापर्यंत खबर पोचत नाही तोवर जुन्या एजंटनं तुमच्या नावानं केलेला व्यवहार तुमच्या गळ्यात पडू शकतो.

शेवटी, वस्ताद किंवा कोचलाच एजंट करू नका. माणूस कितीही भला असो. पायाचा स्नायू दुखावलेल्या पोराला मैदानात उतरवायचं की नाही हे ज्यानं ठरवायचं, त्याचेच त्या इनामात टक्के असले की निर्णय तिरका होतो. तो आधीच दोन्ही कामं बघत असेल तर एक काम काढून घ्या, आणि ते एजंटचं काढा.